डोंगर अजून उभा आहे

मार्च संपत आला की माझ्या फोनवर एक फोटो येतो. पिवळसर झालेलं भाताचं खाचर, त्याच्यामागे ढगांत खांद्यापर्यंत बुडालेला डोंगर आणि बहुतेक वेळा एका कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं बोट. खाली इंडोनेशियन भाषेत एकच ओळ असते. 'पीक बरं आहे. डोंगर आहे तिथंच आहे.'

पाठवणारे पाक सुगेंग. वडीलधाऱ्या माणसाला आपण काका म्हणतो, तसं तिकडे 'पाक' म्हणतात. ते कालीवातु गावचे प्रमुख. जावा बेटाच्या मधोमध, डोंगरांच्या घडीत हे गाव होतं. 'होतं' म्हणताना मी दर वेळी अडखळते, कारण गाव कुठे गेलेलं नाही. घरं आहेत, मशीद आहे, पायऱ्यापायऱ्यांची खाचरं आहेत. माणसं तेवढी तिथे नाहीत, आणि ती नाहीत ती माझ्यामुळे.

यंदा फोटो आला नाही. सिडनीत, वेंटवर्थव्हिलच्या दुकानात मी तांदळाची पिशवी ट्रॉलीत ठेवत होते, तेव्हा नुसता मेसेज आला. 'पुढच्या रविवारी सभा आहे. लोकांना परत वर राहायला जायचंय. तू काय म्हणतेस ते सभेत सांग.' मी तशीच उभी राहिले. मागच्या बाईने विचारलं, "दीदी, आप लाइन में हो?" मी नव्हते.

सिडनीत हे दिवस शांत असतात. उन्हाचा तिखटपणा उतरतो, सकाळी ट्रेनसाठी उभं राहिलं की हाताला किंचित गारवा लागतो. तिकडे याच दिवसांत पावसाळा सरत येतो आणि भात पिकतं. आठ वर्षं झाली, पण माझ्या मनातला मार्च इथला झालेला नाही.

मी उतारांची इंजिनिअर आहे. रस्त्याकडेचे, रेल्वेकडेचे उतार किती भरवशाचे आहेत ते तपासणं माझं काम. त्या वर्षी त्या खोऱ्यात बऱ्याच डोंगरांना भेगा पडल्या होत्या, आणि आमच्या ऑफिसने मला पाच महिन्यांसाठी कालीवातुला पाठवलं. रेल्वेच्या गावाहून मिनीबसने दोन तास. आधी सलाकच्या बागा लागतात. सापाच्या कातडीसारख्या सालीचं ते फळ, आतून पांढरं आणि करकरीत. मग रस्ता चढतो, खाली नदीचे दगड दिसायला लागतात आणि लवंगेची झाडं सुरू होतात. गळलेली पानं उकळून तेल काढायची एक भट्टी वाटेवर होती. तिच्या धुराने सगळ्या खोऱ्याला दाढदुखीच्या औषधासारखा वास यायचा. दुपारी दोनच्या सुमाराला पाऊस यायचा, रोज, नोकरीवर आल्यासारखा. चार वाजता थांबला की घराघरांतून तळलेल्या कसाव्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, आणि मोगऱ्याच्या चहाचा वास सुटायचा.

मी पाक सुगेंग यांच्या घरी राहत होते. माझ्या नावाचं, मेधाचं, त्यांनी 'मेदा' केलं. मराठीत त्याचा काय अर्थ होतो ते मी कधी सांगितलं नाही. उलट त्यांच्या भाषेतले शब्द मला रस्त्यात नातेवाईक भेटावेत तसे भेटत. जमिनीला ते 'बुमी' म्हणत, नावाला 'नामा', शिक्षकाला 'गुरु'.

घरात त्यांची आई होती. सगळं गाव तिला 'म्बाह' म्हणजे आजी म्हणे. म्बाह तुमिना. ठेंगणी, पाठीत वाकलेली, डोक्यावर कायम एक फिका निळा रुमाल. ती फक्त जावानीज बोलायची, त्यामुळे आमचं बोलणं तिच्या मुलाच्या तोंडून व्हायचं, नाहीतर हातांनी. एकदा तिने मला तळहात उघडून दाखवला. बोटांच्या मध्ये एक चिमुकलं पातं लपलेलं होतं, लाकडाच्या तुकड्यात बसवलेलं. ते विळ्याऐवजी वापरायचं, एकेक लोंबी खुडायला.

"एकेक?" मी विचारलं. "सगळं खाचर?"

"विळा बघितला की भात घाबरतं," पाक सुगेंग यांनी तिचं म्हणणं सांगितलं. "भातात देवी श्री असते. तिला पातं दिसू द्यायचं नाही." मग ते हसून स्वतःचं म्हणाले, "बाकी गाव विळ्यानेच कापतं. आईचं एक खाचर तेवढं असं."

म्बाह दिवसातून पाच वेळा नमाज पढायची आणि कापणीआधी बांधाच्या कोपऱ्यावर केळीच्या पानात भात, अंडं आणि फुलं ठेवायची. या दोन गोष्टी तिच्या आत कधी भांडल्या असतील असं मला वाटत नाही.

भेग गावाच्या वर होती, लवंगांच्या बागेत. जानेवारीत गवत बाजूला केलं तर बोटभर रुंद. दोन्ही काठांवर मी खुंट्या ठोकल्या आणि रोज सकाळी पाक सुगेंग यांना घेऊन टेपने अंतर मोजायला लागले. ते टेपचं दुसरं टोक धरायचे आणि मी बोललेला आकडा हळू आवाजात परत म्हणायचे. फेब्रुवारीच्या मध्यावर भेगेत माझी तीन बोटं जाऊ लागली. महिना संपताना अख्खा पंजा गेला. मग एका सकाळी गावच्या झऱ्याचं पाणी दुधाच्या चहासारखं झालं. त्याच आठवड्यात म्बाहच्या खोलीचं दार चौकटीत अडकायला लागलं. ती त्याला खांदा लावून ढकलायची आणि दाराला रागवायची. दाराची चूक नव्हती. घर वाकडं होत होतं.

गढूळ पाणी बघितलं आणि मी घाबरले. त्याला कारण होतं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना सह्याद्रीत दरड कोसळलेल्या एका गावात आम्ही काही विद्यार्थी मदतीला गेलो होतो. मदत कसली, चिखलाकडे बघत उभे होतो. तिथे एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले आणि कुणी न विचारता म्हणाले, "आठ दिवस आधी विहिरीचं पाणी गढूळ आलं होतं. पण सांगायचं कुणाला? आणि सांगून ऐकणार कोण?" मी ही शाखा निवडली ती त्या माणसामुळे. घरी सगळ्यांना मी दुसरंच काहीतरी कारण सांगितलं होतं.

मी सिडनीला फोन लावला. माझा वरिष्ठ ग्रॅहम पंचवीस वर्षं डोंगरांत काढलेला, शांत माणूस. त्याने सगळे आकडे ऐकून घेतले.

"मेधा, 'धोका बराच वाढला आहे, स्थलांतराचा विचार करावा', एवढंच सांग. तारीख देऊ नकोस, मेट. डोंगराची तारीख कुणालाच ठाऊक नसते."

"हो," मी म्हटलं. मला ते पटलंही होतं.

दुसऱ्या दिवशी सभामंडपात सगळं गाव जमलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं खांबांना धरून. मी तयार केलेलं वाक्य वाचून दाखवलं. 'धोका बराच वाढला आहे.' लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, धोका तर आजोबांच्या काळापासून आहे. थोडं हसणं झालं. चहा फिरायला लागला. ते हसणं ऐकून माझ्यातलं काहीतरी सुटलं. मी उभी राहिले आणि मोडक्यातोडक्या इंडोनेशियनमध्ये, जवळजवळ ओरडून म्हणाले, "हा डोंगर पडणार! याच महिन्यात पडणार! निघा इथून!"

चहाचे पेले जागच्या जागी थांबले. पाक सुगेंग माझ्याकडे बघत राहिले. रोज सकाळी टेपचं दुसरं टोक धरणारा तो माणूस, त्याला कळलं असणार की हे वाक्य टेपवर नव्हतं. पण ते गावाकडे वळून एवढंच म्हणाले, "ऐकलंत."

मग मागून म्बाहचा आवाज आला. तिचं म्हणणं मला लगेच कुणी सांगितलं नाही. बायका रडायला लागल्या तेव्हा मी विचारलं. ती म्हणाली होती, "भाताला अजून पंधरा दिवस हवेत."

तेवढे दिवस मी दिले नाहीत.

पुढचे चार दिवस मला एकाच लांबलचक दिवसासारखे आठवतात. मशिदीजवळ टांगलेला पोकळ लाकडाचा ठोकळा बडवून खालच्या गावांना निरोप दिला गेला आणि माणसं चढून यायला लागली. नदीपलीकडची, सलाकच्या बागांतली, दोन खोरी सोडून तिसऱ्यातली. हातात विळे, डोक्यावर टोपल्या. हिरवं भात कापलं जाताना वेगळाच आवाज येतो, ओला. पिकलेलं भात कसं खळखळतं. इथे दाणा नुकता चिकातून घट्ट व्हायला लागला होता. झोडपताना लोंब्या दाणा सोडत नव्हत्या. सोडला तो निम्मा पोचट निघाला. कुणी मला काही बोललं नाही. सगळे माझ्याशी फार चांगलं वागत होते, आणि ते मला सोसत नव्हतं.

म्बाहने आपल्या खाचराला कुणाला हात लावू दिला नाही. ती तळहातातल्या पात्याने एकेक लोंबी खुडत राहिली. मी बांधावरून म्हटलं, "म्बाह, वेळ नाही." तिने वर न बघता काहीतरी म्हटलं. पाक सुगेंग यांनी भाषांतर केलं नाही. ते चिखलात उतरले आणि आईच्या शेजारी वाकून हाताने लोंब्या खुडायला लागले. मीही उतरले. दुपारचा पाऊस आला तरी आम्ही तिघं तिथेच होतो.

पाचव्या दिवशी गाव खाली गेलं. माणसांनी दारं काढून पाठीवर घेतली होती. कौलं, शेळ्या, कोंबड्यांचे पिंजरे, शिलाई मशीन. म्बाह सर्वांत शेवटी निघाली, रिकाम्या हातांनी.

आणि डोंगर पडला नाही.

मार्च गेला, एप्रिल गेला. पाऊस थांबला, भेग थांबली. मी सिडनीला परतले. सरकारने गावाला नदीकाठी जागा दिली, सारख्या तोंडवळ्याची छोटी घरं बांधून दिली. वरच्या जमिनीवर बंदी आली. खालची जमीन वरच्यापेक्षा निम्मीसुद्धा नव्हती, म्हणून बरेच जण दुसऱ्यांच्या बागांत मजुरीला जायला लागले. त्याच्या पुढच्या वर्षी पहिला फोटो आला. 'डोंगर आहे तिथंच आहे.' त्यांनी ते मला धीर द्यायला लिहिलं असेल. मला ते तसं वाचता आलं नाही.

इथे मी हे कुणाला सांगायचा प्रयत्न केला की लोक खूश व्हायचे. हॅरिस पार्कला एका मित्राकडे जेवताना हा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "अगं मग चांगलंच झालं की! ऑल गुड! कुणी गेलं नाही." मी मान हलवली. खरंच चांगलं झालं होतं. पण जो डोंगर पडतो त्याच्याबद्दल सांगणारा द्रष्टा ठरतो, आणि जो पडत नाही त्याच्याबद्दल सांगणारा खोटारडा, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि याहून वाईट एक गोष्ट आहे. ती मी नवऱ्यालाही उशिरा सांगितली. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत त्या भागात फार पाऊस झाला. मी सकाळी ऑफिसच्या ट्रेनमध्ये बातम्या उघडल्या आणि कालीवातुचं नाव शोधलं. ते नव्हतं. त्या क्षणी मला जे वाटलं ते हायसं नव्हतं. ती निराशा होती. सत्तर घरांचं एक गाव चिखलाखाली जावं, म्हणजे माझं एक वाक्य खरं होईल, असं माझ्यातल्या कुणालातरी वाटून गेलं होतं. ब्लॅकटाउन स्टेशन आलं, माणसं चढली, उतरली. मी खिडकीकडे तोंड करून बसून राहिले.

रविवारी सिडनीचे दोन, तिकडचे सकाळचे दहा. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. अमित, माझा नवरा, समोर पाण्याचा ग्लास ठेवून म्हणाला, "खरं ते सांग. नीट वाक्य जुळवत बसू नकोस." बारा वर्षांची इरा मागे सोफ्यावर होती. "मॉम, इज दॅट द व्हिलेज?" तिने विचारलं. तिला फक्त फोटोतलं माहीत होतं.

पडद्यावर नवा सभामंडप होता, पत्र्याचा. पाक सुगेंग यांचे केस पांढरे झाले होते. बोलणं सुरू व्हायच्या आधीच एक बाई उठली. बू याती, म्हणजे यातीबाई. वर असताना आमच्या शेजारच्या घरातली.

"मेदा, माझे सासरे आठवतात? रोज संध्याकाळी तुझ्यासाठी कसावा पाठवायचे." मी हो म्हटलं. "खाली आल्यावर ते रोज विचारायचे, घरी कधी जायचं. दोन वर्षं विचारलं. मग विचारायचे थांबले, आणि गेले." ती जराही आवाज न चढवता म्हणाली, "डोंगर पडला नाही, मेदा. माझे सासरे पडले."

तिकडे दुखवट्याला जे म्हणतात ते मी म्हणाले. 'बर्दुका चिता.' दुःख आणि चित्त. तिचे आणि माझे शब्द एकच होते, पण म्हणून ते हलके झाले नाहीत. ती खाली बसली.

मी तयारी करून ठेवली होती. उपग्रहाची चित्रं, पावसाचे आलेख. त्यातलं काही उघडायच्या आत पाक सुगेंग यांनी शाळेची एक वही वर धरली.

"तू गेल्यावर दर शुक्रवारी, नमाज झाल्यावर, मी वर जातो. खुंट्या आहेत. टेप तूच ठेवून गेलीस."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. आठ वर्षांचे शुक्रवार. टेपचं दुसरं टोक कुणी धरलं असेल? उन्हाळ्यात भेग गप्प, पावसात थोडी थोडी हलते. कधी बोटाच्या पेराएवढी, कधी केसाएवढी. एकूण एकवीस सेंटीमीटर. त्यांनी मला हे कधीच कळवलं नव्हतं.

"का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. मग वही मिटत, "आणि मला वाटलं, तुला त्रास होतो."

सभेत कुजबुज झाली. मी पाणी प्यायले.

"आठ वर्षांपूर्वी मी म्हणाले, याच महिन्यात पडेल," मी म्हटलं. "ते मला माहीत नव्हतं. धोका आहे एवढंच माहीत होतं. मी घाबरले होते. तुम्ही हसलात आणि मला वाटलं, साधं सांगितलं तर तुम्ही ऐकणार नाही. म्हणून मला ठाऊक असल्यासारखं बोलले. तुमचं पीक गेलं ते माझ्या त्या वाक्याने गेलं. आज मला विचाराल, तर डोंगर हलतोय. हळू हलतोय. कधी पडेल ते मला आजही माहीत नाही. पडणारच नाही, असंही होईल. पावसाळ्यात तिथे झोपू नका, एवढंच मी खात्रीने सांगू शकते."

मग म्बाहला कुणीतरी खुर्चीसकट पुढे आणलं. आता ती फारच लहान दिसत होती. निळा रुमाल तसाच होता. ती बोलली, आणि या वेळी पाक सुगेंग यांनी शब्द न गाळता सांगितलं.

"आई म्हणते, त्या दिवशी तू घाबरली होतीस हे तिला कळलं होतं. म्हणून ती निघाली. ती म्हणते, ज्याला भीती वाटत नाही त्याच्या सांगण्यावर तिने घर सोडलं नसतं."

म्बाह आणखी काही म्हणाली. मंडप हसला, अगदी थोडा.

"ती म्हणते, पण ते पंधरा दिवस तुझ्याकडे बाकी राहिले."

मी पडद्यासमोर रडले. इरा उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

दोन तास सभा चालली. काही जणांना परत राहायलाच जायचं होतं. बू यातीने, सगळ्यांच्या आधी, नाही म्हटलं. मुलं इथे शाळेत रमलीत, ती म्हणाली, पण जमीन ओसाड पाहवत नाही. शेवटी ठरलं असं: राहायचं खालीच. वरची खाचरं मात्र पुन्हा करायची. उजाडल्यावर चढायचं, दुपारी पाऊस धरला की काम टाकून उतरायचं, आणि कोण वर गेलं, कोण खाली आलं याची रोज मोजणी ठेवायची. तालुक्याच्या कचेरीला द्यायचा अहवाल मी लिहिला. 'कधी, हे आम्हांस ज्ञात नाही' असं स्पष्ट वाक्य मी पहिल्यांदाच एखाद्या अहवालात घातलं. ग्रॅहमने ते वाचलं, आणि एक स्वल्पविराम बदलून परत पाठवलं.

कचेरीने परवानगी दिली. एप्रिलमध्ये आठ वर्षांचं गवत उपटून लावणी सुरू झाली. म्बाहलाही तिचा मुलगा पाठीवर घेऊन तिच्या खाचरापर्यंत नेतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी, आमच्याकडे साडेसातच्या सुमाराला, पाक सुगेंग यांचा मेसेज येतो. फोटो नसतो. नुसते दोन आकडे. वर सतरा, खाली सतरा. कधी वर नऊ, खाली नऊ. मी मागितले नव्हते. ते पाठवतात.

गेल्या गुरुवारी साडेसात वाजले, पावणेआठ झाले, आठ झाले. तिकडे अवेळी पाऊस आहे हे मी दुपारीच बघितलं होतं. फोन लावला, लागला नाही. अमितने टीव्ही बंद केला. इराने गृहपाठ बाजूला सारला आणि विचारलं, "हॅव दे कम डाउन?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

ती माझ्या शेजारी येऊन बसली. आम्ही तिघं टेबलावरच्या त्या फोनकडे बघत होतो. आठ वाजून वीस मिनिटांनी तो उजळला.

'वर सतरा. खाली सतरा. आई निघत नव्हती. उचलून आणली.'

मी उठून गॅस बंद केला. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या होत्या, कुणीच मोजल्या नव्हत्या.